नांगर, सायकल आणि डिग्री

आमच्या वन्संचा धाकटा मुलगा बारावी झाला आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणतो, उद्यमबागेत अप्रेंटिस लागतो, मशीनवर काम शिकतो. वन्सं म्हणतात, आधी डिग्री, मग काय ते. "वहिनी, तुम्हीच सांगा हो, कारखान्यात काम करणाऱ्याला उद्या मुलगी कोण देणार?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण स्थळ सुचवताना मीसुद्धा पहिल्यांदा 'शिक्षण काय?' हेच विचारते.

मग आपल्याच भागातली दोन माणसं आठवली.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून वडिलांच्या मनाविरुद्ध मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकला सुटली, पण यंत्रांची ड्रॉइंग काढायचं सोडलं नाही. त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले आणि रिकाम्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळत बसले. म्हणजे मास्तरच उमेदवारी करत होता! १८८८ साली आपल्या बेळगावात सायकलींचं दुकान निघालं. पुढे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून गावी परतले, कडबा कापायची यंत्रं केली, लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळे नांगर पडून राहिले. त्यात गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथले कल्पक इंजिनियर अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले होते.

दुसरे आपले भाऊराव पाटील. बाहुबलीच्या दर्शनाला जाताना आपण ज्या कुंभोजवरून जातो, तिथे १८८७ साली जन्मले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. तिथले प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे, एम. ए. झालेले, समाजाचं भूषण. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला भाऊराव जाऊन आले आणि परतल्यावर अंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंगातून काढलं. मॅट्रिक काही झाले नाहीत. साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. मला वाटतं, खेड्यातलं पोर का शिकत नाही, हे त्यांना या फिरतीतच नीट दिसलं असेल. वर्गात बसून ते दिसलं नसतं. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

बोर्डिंगातल्या मुलांचं पोट भरायला पैसे संपले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. सोवळ्याओवळ्यात वाढलेली आपल्यातलीच बाई ती, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवू घालत होती. १९३० मध्ये गेल्या. भाऊरावांच्या तसबिरी बघाव्या तिथे आहेत, लक्ष्मीबाईंची मात्र फार थोड्या ठिकाणी दिसते. लक्ष्मणरावांच्या मागे तसे थोरले भाऊ रामूअण्णा होते. सांगायचं ते हे की शाळा-कॉलेज सोडून पुढे गेलेल्यांच्या गोष्टी आपण मोठ्या हौसेनं सांगतो, पण त्यांच्यापायी झळ कुणी सोसली, ते सांगत नाही.

आणि यातला एकही जण डिग्रीच्या विरोधात नव्हता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम. आय. टी. तून १९२६ साली इंजिनियर झाले आणि वडिलांच्याच कारखान्यात आले. भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्याला कॉलेज काढलं, 'कमवा आणि शिका' म्हणून मुलांना काम दिलं, त्यातून फी भागवली. पुढे पुणे विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली, ती १९५९ साली, अगदी शेवटच्या दिवसांत.

मी बी. ए. झाले ती कॉलेज दोन गल्ल्यांवर होतं म्हणून. कुठलं काम शिकायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि वन्संच्या थोरल्या मुलीलाही नाही. ती बी. कॉम. होऊन घरी आहे. भांडण फक्त मुलाचं चाललंय.

शेवटी भाच्याला बोलावलं. म्हटलं, "बाबा रे, १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. त्यात करार होतो, महिन्याला स्टायपेंड मिळतो, शेवटी परीक्षा होऊन सर्टिफिकेट मिळतं. तुझ्या कारखान्यात करार आहे, का नुसतं हेल्पर म्हणून राबवून घेणार?" त्याला माहीत नव्हतं. उद्या विचारून येतो म्हणाला.

वन्सं तोवर माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. "मामी, मी पण जाऊ का त्याच्याबरोबर विचारायला?" थोरलीनं दारातून विचारलं.