हे कुणी विचारलंच नव्हतं

मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालोय तिथे तो दारातच काढून घेतात. सोबत फक्त वही आणि दोन पेनं घ्या, कारण एक घामाने हमखास निसटतं.

फार मागे नाही जायचं, 2014च्या उन्हाळ्यापर्यंतच. तुम्ही विशीतले आहात, दिल्लीत द्वारकेच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात कायदा शिकताय. वर्गातली कितीतरी मुलं बड्या लॉ फर्मच्या एसीत इंटर्नशिप करतायत आणि तुम्ही स्लीपरच्या वरच्या बर्थवर, तापलेल्या पत्र्याखाली, उशाशी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन पडलाय. इटारसी मागे पडलं. खाली कुणी चिवड्यात कांदा चिरतंय आणि डबाभर तोच वास आहे.

काम सांगायला सोपं. देशातल्या फाशीची शिक्षा झालेल्या प्रत्येक कैद्याला भेटायचं, मग त्याच्या घरच्यांना. पण असे कैदी नेमके किती, याची तयार यादी एका जागी मिळतच नाही. प्राध्यापक अनुप सुरेंद्रनाथ आणि त्यांचे विद्यार्थी तुरुंगामागून तुरुंग गाठत ती जुळवतायत.

नागपूर आलं. फलाटावर उतरताच झळ तोंडावर आदळते, दुपट्टा डोक्याला गुंडाळा. वर्धा रोडवरच्या तुरुंगाबाहेर मुलाखतीची रांग लागलीये. कडेवरची पोरं रडतायत, पिशव्यांतली केळी काळी पडलीत, मागची बाई तुमच्या पाठीला टेकूनच उभी आहे. खिडकीतून नाव पुकारलं की अख्खी रांग एकदम पुढे रेटते.

आत टेबल आणि खडखडणारा कूलर, त्याला ओल्या वाळ्याचा वास. फाशी यार्डातून माणूस येतो आणि खुर्चीच्या कडेवर टेकतो. खुनाबद्दल सगळे विचारून गेलेत, तुम्ही वेगळंच विचारता: शाळा कितवीत सुटली? बाप काय करायचा? घरी चूल रोज पेटायची का? तो तुमच्याकडे बघत राहतो. ‘हे त कोनीच नाही इचारलं,’ म्हणतो. मग बोलायला लागतो तो थांबत नाही. हाताला कळ येते, तरी लिहीत राहा.

खरं तर हे न्यायालयात विचारलं जायला हवं होतं. फाशी देण्याआधी गुन्ह्याइतकाच गुन्हेगाराचा आयुष्यक्रमही तोलावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच बचन सिंग खटल्यात सांगितलं होतं. पण कित्येकदा दोषी ठरवतात त्याच दिवशी शिक्षाही सुनावतात. माणसाचं बालपण शोधायला वेळ कुणाला? मला हे भयंकर वाटतं.

दुसऱ्या दिवशी लाल डब्यातून त्याचं गाव. घर धुराने काळवंडलंय. आई आधी पाणी देते, मग वाशाला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी सोडते. आत निकालपत्र आहे, इंग्रजीत, घडीवर फाटलेलं. ‘वकील हाव का? सोडवसान का त्याले?’ अजून शिकतोय, असं सांगावं लागतं. घसा कोरडा पडतो. पण ती सांगू लागते: कोणत्या दुष्काळात पोराची शाळा सुटली, कुणाची गुरं राखली, कुणी मारलं. एकही शब्द गाळू नका.

अशा वह्यांमधून 2016मध्ये अहवाल उभा राहिला. 385 कैद्यांपैकी 373 जणांच्या मुलाखती झाल्या. चारांतले जवळपास तिघे आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. अहवालावर न थांबता विद्यापीठातल्या सुरेंद्रनाथांच्या केंद्राने, पुढच्या प्रोजेक्ट 39एने, खटलेही हाती घेतले. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज खटल्यात बजावलं की आरोपीच्या आयुष्याची ही माहिती खालच्या कोर्टापासूनच गोळा झाली पाहिजे.

आता काटे पुढे फिरवा, मार्च 2023. नागपूरचाच तुरुंग. 1994मधल्या पुण्यातल्या हत्यांसाठी फाशी झालेला एक कैदी, ज्याची बाजू याच केंद्राने मांडली. राजस्थानातल्या एका सरकारी शाळेच्या रजिस्टरवर बोट ठेवा. जन्मतारीख 1 फेब्रुवारी 1982. गुन्हा घडला तेव्हा तो साडेबारा वर्षांचा होता. इतक्या लहान मुलाला फाशी देताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं तोवर त्याने आत अठ्ठावीस वर्षं काढली होती.