पळस की पांगारा?

मागच्या रंगपंचमीला आमच्या गटाने पळसफुलांचा रंग करून गंगापूरच्या बाजारात विकायचं ठरवलं. बांधाबांधाने फिरून फुलं वेचली. रात्रभर भिजवली, सकाळी उकळली, पण एका पातेल्यात केशरी रंग काही उतरेना. गटातल्या एक मावशी आल्या, फूल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अगं पोरींनो, हा तर पांगारा हाय!" आमची दिवसाची मेहनत आणि सरपण वाया गेलं.

ही चूक मात्र आमच्याआधी मोठ्या माणसाने केलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लामार्क या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने पळसाला पांगाऱ्याच्याच गणात बसवलं. नावात एक खूण मात्र नेमकी घातली: 'मोनोस्पर्मा', म्हणजे एकाच बीचा. पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडांचा अभ्यास केला. १७९५ साली छापायला सुरुवात झालेल्या त्यांच्या ग्रंथात पळस पांगाऱ्यापासून वेगळा निघाला, 'ब्यूटिया' या नावाने. हे नाव ब्रिटनचे माजी पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्यावरून. त्यांना झाडांचा भारी नाद. आपल्या बांधावरच्या झाडाला साहेबाचं नाव! आज दोन्ही शब्द जोडून 'ब्यूटिया मोनोस्पर्मा' म्हणतात. आपल्या संस्कृतात तो फार आधीपासून किंशुक आहे, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?'

पळसाला पाने तीनच म्हणतो आपण, पण पांगाऱ्यालाही पान तीन दळांचंच. त्यात फुलांच्या दिवसांत दोघंही बहुतेक उघडेबोडके. म्हणून पानावर जाऊ नका. पळसाचं फूल केशरी, पोपटाच्या चोचीसारखं वाकडं, आणि देठाशी काळपट मखमली वाटी. पांगाऱ्याचं फूल लालभडक, फांदीला काटे.

फुलं गळाली की शेंग बघा. पळसाची चपटी, लवदार, टोकाशी एकच बी, तीच पळसपापडी. पांगाऱ्याची शेंग मण्यांच्या माळेसारखी, तिच्यात बऱ्याच बिया, आणि त्या विषारी. जुन्या बाया जंतांवर पळसपापडी देत. आता पोरांना घरी काही उगाळून देऊ नका, अंगणवाडीत जंताची गोळी मिळते.

यंदा फुलं वेचायला मावशी पुढे असणार आहेत.