तिवरांचीं वनें आणि उपनगरांतील नद्या

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथें राहणाऱ्या एखाद्या गृहस्थास आपल्या बाजूनें कोणती नदी वाहते असें विचारलें, तर तो बहुधा नाल्याकडे बोट दाखवील. तथापि दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी ह्या चार नद्या आपल्या उपनगरांतून वाहतात, आणि चौघींचाही उगम ह्याच साष्टी बेटाच्या डोंगराळ भागांत आहे. दहिसर नदी तुळशी तलावाच्या सांडव्यापासून निघते. मिठी नदी विहार व पवई ह्या तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यानें वाहती होते आणि माहीमच्या खाडीस मिळते. ह्या नद्यांची लांबी थोडी. डोंगरावर पडलेलें पावसाचें पाणी कांहीं तासांतच खाडीच्या तोंडाशीं येऊन ठेपतें, आणि तेथें भरती आलेली असली म्हणजे त्यास थांबावयाला जागा हवी असते. ती जागा म्हणजे तिवरांचीं वनें. त्यांचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

तिवर, कांदळ, चिपी हीं झाडें भरतीओहोटीच्या पट्ट्यांत, खाऱ्या चिखलांत वाढतात. त्या चिखलांत हवा नसते. म्हणून तिवराचीं मुळें जमिनींतून बोटासारखीं वर येतात आणि त्यांच्या वाटे झाड श्वास घेतें. कांदळाचें बीं तर झाडावर असतांनाच रुजतें आणि लांब शेंगेसारखें होऊन खालीं पडतें. ह्या मुळांच्या दाटींत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खालीं बसतो, आणि कोलंबी, चिंबोरी व निवट्या ह्यांना आसरा मिळतो. ही गोष्ट पुस्तकें निघण्यापूर्वीं आपल्या कोळी बांधवांस ठाऊक होती.

साष्टींतील लोकांनीं खाडीला पूर्वीं हात लावलाच नाहीं असें मात्र नव्हे. खाडीकांठीं बांध घालून समुद्राचें पाणी अडवावयाचें व आंत खाऱ्या जमिनींत तग धरणारें भात पिकवावयाचें, ही रीत फार जुनी. अशा जमिनीस खाजण म्हणतात. भांडुप, मुलुंड, घाटकोपर इकडील मिठागरेंही बांधांच्याच आधारानें उभीं राहिलीं. त्यांच्यापायीं तिवरें तुटलीं हें खरें. परंतु खाजणाच्या बांधाला उघाडी असे, आणि मिठागर पावसाळाभर पाण्याखालीं राही. जमिनीचा उपयोग बदलला तरी पाण्याचा हक्क शाबूत होता. माझ्या मतें जुन्या आणि नव्या काळांतील खरा फरक येथेंच आहे.

इ. स. १८४५ मध्यें माहीम व वांद्रें ह्यांच्यामधील खाडीवर रस्ता झाला. बोटी उलटून माणसें बुडत, म्हणून लेडी अवाबाई जमशेटजी ह्यांनीं त्या कामास १,५७,००० रुपये दिले. हेतु उदात्त होता आणि लोकांची सोयही झाली; पण मिठीच्या मुखाशीं पाण्याची वाट त्यानें आंखडली. पुढें विसाव्या शतकांत नुसते बांध राहिले नाहींत, भराव आले. १९७७ नंतर वांद्रें-कुर्ला संकुलाची योजना हातीं घेण्यांत आली आणि मिठीच्या कांठची सखल, दलदलीची जमीन भरून काढण्यांत आली. वर तीच नदी विमानतळाच्या धांवपट्टीखालून वळविलेली आहे. मी भूगोल शिकवीत असें तेव्हां नकाशांत दलदल दाखविण्याकरितां गवताचे चार झुबके काढीत. नगररचनेच्या नकाशांत ते झुबके म्हणजे मोकळी जागा समजली गेली.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारीं समुद्रालाही मोठी भरती होती. मिठी कुर्ला व कलिना भागांत घराघरांत शिरली. तिवरें शाबूत असतीं तर पूर आलाच नसता, असें कित्येक जण म्हणतात. तें मला पटत नाहीं. एवढ्या पावसापुढें कोणतेंही वन अपुरेंच पडलें असतें. परंतु पाणी किती चढावें आणि किती वेळ तुंबून राहावें, ह्याचा निकाल नदीला मोकळी जागा किती उरली आहे ह्यावर बऱ्याच अंशीं लागतो.

त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील तिवरांची तोड व त्यांवर राडारोडा टाकणें ह्यांस मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालानें ती मनाई कायम झाली. मध्यंतरीं २०१२ सालीं वनखात्यांत कांदळवन कक्ष निघाला. २०१५ सालीं ठाणे खाडींत रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य झालें आणि २०२२ सालीं त्या खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला.

आतां संरक्षण मिळालें, तेव्हां वन किती व कसें आहे हें मोजावयाचें. उपग्रहाच्या चित्रांत हिरवा रंग दिसला कीं क्षेत्र वाढलें असें म्हणणें सोपें आहे. ठाणे खाडीच्या पश्चिम कांठीं गाळ सांचून तिवरें वाढलींही आहेत. पण त्या वाढीनें ओशिवऱ्याच्या किंवा मिठीच्या मुखाशीं झालेली हानि भरून येत नाहीं, कारण प्रत्येक नदीचें पाणी तिच्याच दाराशीं तुंबतें. म्हणून भरतीचें पाणी आंतपर्यंत पोंचतें काय, नवीं रोपें आपोआप उगवतात काय, सांडपाणी सोसणारें तिवरच तेवढें उरलें आहे कीं कांदळ व चिपीही आहेत, हें चिखलांत उतरूनच पाहावें लागतें.

पुनःस्थापनेचेंही असेंच आहे. डिसेंबर २०२२ मध्यें बुलेट ट्रेनकरितां सुमारें वीस हजार तिवरें तोडण्यास न्यायालयानें परवानगी दिली, तीही बदल्यांत नवी लागवड करण्याच्या अटीवर. झाडाला झाड हा हिशेब कागदावर बरोबर बसतो. पण रोपें लावावयाचीं कोठें? मोकळ्या चिखलाच्या पट्टीवर लावलीं तर रोहित पक्ष्यांचें चरण्याचें कुरण जातें, आणि चुकीच्या उंचीवर लावलेलीं रोपें लाटेबरोबर वाहून जातात किंवा बुडून कुजतात. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेंत मोठ्या हौसेनें लागवड झाली. तींतील बहुतेक रोपें जगलीं नाहींत. उलट भांडुपकडील सोडून दिलेल्या मिठागरांत जेथें बांध फुटला आणि भरती पुन्हां आंत येऊं लागली, तेथें कोणीं एक रोप न लावतां तिवरांनीं आपण होऊन ठाण मांडलें आहे.