चुकाऱ्यावरचं ‘फक्त’

माझे आजोबा अकोल्याच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हुंडी लिहिताना त्यांचा जीव रकमेत अडकलेला असे. आधी आकडा, मग अक्षरी पाचशे, आणि पुढे ‘निमे अडीचशे, त्याची दुप्पट पुरे’. कुणी पाचशेच्या अलीकडे ‘एक हजार’ घुसडलंच, तर निम्मी रक्कम त्याची लबाडी उघडी पाडायची. रीत देशभरच्या पेढ्यांची, पण वऱ्हाडात तिची निकड मोठी होती. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८८६मध्ये कारंजाला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. एवढ्या पैशाची कागदावर राखण करायची तर दिवाणजी पक्का हवा.

बँकांबरोबर चेक आला आणि चेकबरोबर इंग्रजी ‘ओन्ली’. मराठीत ते झालं ‘फक्त’, कुठं ‘मात्र’. काम एकच: रकमेच्या शेवटच्या अक्षरापुढची जागा बंद करायची. आकडा नि अक्षर जुळत नसतील तर अक्षरी रक्कम खरी, असं १८८१चा परक्राम्य संलेख कायदा सांगतो; म्हणून अक्षरांनाच हे कुलूप. तरी निमे-दुपटीची रीत मला जास्त भक्कम वाटते. ‘फक्त’ पुढची वाट अडवतो, अलीकडची मोकळीच राहते. तिथं समासाला चिकटून लिहिण्याखेरीज इलाज नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी चालू होती. राज्यानं ती १९७२मध्ये आणली. चुकाऱ्याचे पैसे खात्यावर जमा झाले की खिडकीवर रांग लागे. अकोटकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पैसे काढायची स्लिप मी भरून दिली आणि वाचून दाखवली. शेवटच्या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

“साहेब, हे ‘फक्त’ काहून लिवलं? वर्षाची मेहनत हाय माही.”

प्रश्न रास्त होता. ज्या रकमेत पेरणी, निंदण, वेचणी सगळं आलं, तिच्यापुढे ‘फक्त’ लिहिलेलं कुणाला बरं वाटेल? म्हटलं, “काका, रक्कम थोडी म्हणून नाही. ह्याच्यापुढे कुणाला काही लिहिता येऊ नये म्हणून.”

त्यांनी स्लिप जवळ धरून पाहिली. “मंग त्याच्या पुढं रेघ बी ओढा.”

मी कागदाच्या काठापर्यंत रेघ ओढली. मग त्यांनी सही केली.