ग्राम बालसंरक्षण समिती

ग्राम बालसंरक्षण समिती ही महाराष्ट्रातील गावपातळीवर बालकांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी समिती आहे. बालविवाह, बालमजुरी, लैंगिक अत्याचार, शाळागळती आणि पालकांचे छत्र हरपणे या संकटांतील बालके वेळीच ओळखून त्यांना शासकीय यंत्रणेपर्यंत पोहोचविणे हे तिचे मुख्य काम होय. भारतीय कायद्यानुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. त्यामुळे किशोरवयीन मुलेमुलीही समितीच्या कार्यकक्षेत येतात.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. केंद्र शासनाने २००९ मध्ये एकात्मिक बालसंरक्षण योजना सुरू केली. या योजनेत जिल्हा, तालुका व गाव अशा तिन्ही स्तरांवर बालसंरक्षणाची रचना मांडण्यात आली. पुढे ही योजना ‘मिशन वात्सल्य’ या नावाने राबविली जाऊ लागली.

मराठवाड्यात स्थानिक संस्थांच्या बालसंरक्षण कार्याला याआधीचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात सुमारे १०,००० लोक मृत्युमुखी पडले आणि अनेक मुले पोरकी झाली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ हा प्रकल्प उभारला. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुणे येथे नेले. औसा तालुक्यातील हासेगाव येथील ‘सेवालय’ ही संस्था एचआयव्हीबाधित बालकांचा सांभाळ करते. हे सर्व कार्य संकटात सापडलेल्या मुलांना आसरा देण्याचे आहे. ग्राम बालसंरक्षण समितीचा भर मात्र संकट ओढवण्यापूर्वीच त्याची चाहूल घेण्यावर असतो.

रचना

सरपंच हे समितीचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका या सदस्य सचिव असतात. पोलीस पाटील, शिक्षक, आरोग्य कर्मचारी, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व गावातील प्रतिष्ठित नागरिक यांचा समितीत समावेश होतो. बालकांचेही दोन प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. शाळेत कोण येईनासे झाले, कोणत्या मुलीची सोयरीक जुळत आहे, कोणता मुलगा हॉटेलात किंवा वीटभट्टीवर कामाला लागला, या गोष्टी मोठ्या माणसांआधी मुलांना कळतात.

समितीला न्यायनिवाड्याचे अधिकार नाहीत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाबाबत निर्णय घेण्याचा अधिकार बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आहे. या समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. अशा बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिच्यासमोर हजर करावे लागते. गाव व बालकल्याण समिती यांच्यातील दुवा म्हणून जिल्हा बालसंरक्षण कक्ष काम करतो.

कार्ये

समिती गावातील शाळाबाह्य, अनाथ, एकपालक व स्थलांतरित कुटुंबांतील बालकांची नोंद ठेवते. पात्र बालकांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा लाभ मिळवून देण्यासाठी ती साहाय्य करते. या योजनेमुळे बालकाला संस्थेत न पाठविता कुटुंबातच सांभाळणे शक्य होते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात गावपातळीवर तडजोड करता येत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा ठरतो. पीडित बालकाची ओळख उघड करण्यासही मनाई आहे.

बालविवाह प्रतिबंध

बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार विवाहासाठी मुलीचे वय किमान १८ व मुलाचे २१ वर्षे असावे लागते. ग्रामीण भागात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विवाह लावणारे, त्यास साहाय्य करणारे आणि तो रोखण्यात हयगय करणारे पालकही दोषी ठरू शकतात. न्यायालय मनाई आदेश देऊ शकते. तो डावलून लावलेला विवाह कायद्याने रद्दबातल ठरतो.

विवाहाची खबर मिळताच शाळेच्या प्रवेश नोंदवहीवरून किंवा जन्मदाखल्यावरून वयाची खातरजमा केली जाते. त्यानंतर कुटुंबाचे समुपदेशन करून पालकांकडून हमीपत्र लिहून घेतले जाते आणि मुलीला बालकल्याण समितीसमोर नेले जाते. माहिती देण्यासाठी १०९८ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. चाइल्डलाइन ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाला होता. परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आढळले. मराठवाड्यातील हंगामी ऊसतोड स्थलांतराशी याचा निकटचा संबंध आहे. ऊसतोडीत पतिपत्नीची जोडी एक ‘कोयता’ म्हणून धरली जाते आणि मुकादमाकडून उचल मिळते. त्यामुळे लवकर लग्न केल्यास कमावती जोडी तयार होते. वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावी एकटी ठेवण्याची भीतीही पालकांना असते. म्हणून केवळ कायद्याचा धाक पुरेसा पडत नाही. मुले गावातच राहून शिकावीत यासाठी चालविली जाणारी हंगामी वसतिगृहे आणि मुलींसाठी शाळेपर्यंतचा सुरक्षित प्रवास हे उपायही तितकेच आवश्यक ठरतात.

मर्यादा

समितीचे सदस्य त्याच गावचे रहिवासी असणे हे तिचे बळ आहे आणि तिची अडचणही आहे. शेजाऱ्याच्या घरातील बातमी त्यांना लगेच कळते. परंतु भावकी, सोयरसंबंध व निवडणुकीतील हितसंबंध यांमुळे तक्रार करणे अवघड जाते. लग्न थांबविणाऱ्या अंगणवाडी सेविकेला दुसऱ्या दिवशी त्याच कुटुंबाच्या दारात जावे लागते. काही वेळा गावात थांबविलेला विवाह परगावी गुपचूप उरकला जातो. म्हणून हमीपत्रानंतर मुलगी शाळेत परतली की नाही, याचा पाठपुरावा महत्त्वाचा असतो. लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या मोठ्या लोकवस्तीच्या गावात प्रत्येक कुटुंबाशी वैयक्तिक ओळख राहत नाही. अशा ठिकाणी शाळा, अंगणवाड्या व आशा कार्यकर्त्यांनी आपापल्या नोंदी एकमेकांशी पडताळून पाहणे उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

बालकल्याण समिती
बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६
पोक्सो कायदा
ऊसतोड कामगार
किल्लारी भूकंप