शीतल मुखलेपाचा इतिहास

वैशाखाच्या उन्हातून घरी आलेला मनुष्य गार पाण्याने तोंड धुतो, तेव्हा त्याच्या मुद्रेवर क्षणभर समाधान उमटते. ते समाधान घटकाभर टिकावे, ही इच्छाच मुखलेपाच्या मुळाशी आहे. हल्ली सुशिक्षित घरांतून कोरफडीचा किंवा काकडीचा बुळबुळीत गर डबीतून काढून चेहऱ्यावर चोळण्याचा प्रघात पडला आहे. त्यास 'जेल' म्हणतात. कारागृहाशी या शब्दाचे काही नाते नाही. नाव नवे असले तरी वस्तूचे कुळ प्राचीन आहे. मात्र त्या कुळाचे काही नियम डबीत शिरण्यापूर्वीच गळून पडले आहेत.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 18 व्या अध्यायात लेपांचा विचार आला आहे. त्यात प्रलेप हा शीत आणि पातळ सांगितला आहे. लेपाची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याइतकी असावी, तो लोमांच्या उलट दिशेने लावावा, रात्री लावू नये आणि वाळू लागताच त्याची उपेक्षा करू नये, असे हे नियम आहेत. व्रणातील पू पिळून काढावयाचा असेल तेव्हाच लेप वाळू देण्यास मुभा आहे. लोमांच्या उलट हात फिरविल्याने औषध त्वचेवर नीट ठरते, हे निरीक्षण शस्त्रवैद्याच्या हातचे आहे, प्रसाधकाच्या नव्हे.

केवळ मुखाच्या लेपाचा विचार वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, 22 व्या अध्यायात केला आहे. दोष हरण करणारा, विष हरण करणारा आणि वर्ण उजळविणारा असे त्याचे तीन प्रकार. पाव, एक तृतीयांश आणि अर्धे अंगुळ अशा त्याच्या तीन जाड्या. आणि सहा ऋतूंना सहा योग. ग्रीष्मासाठी कुमुद, नीलकमल, कल्हार, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन ही द्रव्ये सांगितली आहेत. लेप मुखावर असता बोलणे, शोक, क्रोध, दिवसा झोप, अग्नी व ऊन ही वर्ज्य होत. पडसे, अजीर्ण किंवा जागरण झाले असता लेपच लावू नये. सर्वांत महत्त्वाची आज्ञा अशी की, लेप ओला आहे तोवरच ठेवावा. वाळलेला लेप कांती बिघडवितो. तो भिजवून काढावा आणि त्यानंतर तेलाने अभ्यंग करावा.

या आज्ञेमागील कारण आज शाळेतील मुलालाही सांगता येते. पाण्याची वाफ होताना ते त्वचेतील उष्णता घेऊन जाते. लेपाचा गारवा बहुतांशी एवढाच आहे. पाणी सरले की गारवा सरतो. मागे उरलेला थर आकसतो आणि त्वचा ओढू लागतो. प्राचीनांना बाष्पीभवनाचे गणित ठाऊक नसेल, परंतु त्याचा परिणाम त्यांनी अचूक हेरला होता.

वैद्यांच्या पोथीतून ही विद्या राजगृहात गेली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त स्नान आणि विलेपन यांना राजभोगांत स्थान आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या 'गंधसार' ग्रंथाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्याच्या जोडीला असलेल्या 'गंधवाद' या ग्रंथावर मराठी टीका आहे. म्हणजे ही विद्या मराठी भाषेतूनही समजावून दिली जात होती. सामान्य घरांत नरक चतुर्दशीच्या उटण्याने तिचा धागा राखला.

याच काळात युरोपात काय चालले होते? तेथील उच्चकुलीन स्त्रिया गोरेपणासाठी शिशाचा सफेदा मुखास फाशीत. कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग 1760 साली ऐन तारुण्यात मरण पावली. तिच्या मृत्यूचा दोष या सफेद्याकडेच दिला जातो. वर्ण पालटण्याचा हा हव्यास तेथेच संपला नाही. पारा घातलेल्या गोरेपणाच्या मलमांना आळा घालण्यासाठी 2013 च्या मिनामाता करारात तरतूद करावी लागली. मुख शांत करणे आणि मुखाचा रंग पालटणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्यासाठी दूर्वा-चंदन पुरते. दुसऱ्यापायी माणसांनी विष पत्करले.

कोरफडीची कथा थोडी निराळी आहे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने पहिल्या शतकात तिचे गुण लिहिले. आपल्याकडे सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ती 'कुमारी' या नावाने येते. तिचे 'ॲलो व्हेरा' हे शास्त्रीय नाव बुरमनच्या 1768 मधील 'फ्लोरा इंडिका' ग्रंथातून रूढ झाले. 1935 साली अमेरिकेत क्ष-किरणांनी झालेल्या त्वचेच्या विकारावर तिच्या पानाचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध झाले आणि वैद्यकाचे लक्ष तिकडे वळले. तिच्या पानात दोन रस असतात. सालीलगतचा पिवळा रस कडू, रेचक आणि त्वचेला झोंबणारा. आतला गर स्वच्छ व जवळजवळ सारा पाणीच. म्हणून पान कापून काही वेळ उभे ठेवावे, पिवळा रस निथळू द्यावा, पान धुवावे आणि मगच गर काढावा. हा गर लवकर नासतो. डबीतील गरात टिकाऊ द्रव्ये मिसळावी लागतात ती यामुळेच.

मर्दनाविषयी प्राचीनांचा क्रम स्पष्ट होता: शीतल द्रव्य मुखावर स्थिर राहावे आणि हात फिरावा तो नंतर, तेलाबरोबर. आज दोन्ही क्रिया एकाच गराने उरकतात. तसे करण्यास प्रत्यवाय नाही. मात्र गर प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे, हात हलका ठेवावा, डोळे सांभाळावेत आणि गर सुकू लागताच चोळणे थांबवून मुख धुवावे. अंगावर फुटलेल्या किंवा पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर वैद्याकडे जावे.

डबीवर घटकद्रव्यांची यादी असते, किंमत असते, मुदतही असते. 'वाळण्यापूर्वी काढा' हे वाग्भटाचे बोल मात्र क्वचितच असतात. ते घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितले, तर इतके प्राचीन ज्ञान कवडीचाही खर्च न होता पुढच्या पिढीच्या हाती पडेल.