सांध्यातला गंज

जुन्या मोटारीचा सडलेला पत्रा घरच्या घरी कापून काढायचा आणि त्या जागी नवा जोडायचा, हा उद्योग ब्रिटनमध्ये इतका रुजलेला आहे की तो मोटारीइतकाच जुना असावा असं वाटतं. प्रत्यक्षात आज ज्या स्वरूपात तो दिसतो ते स्वरूप फार तर अर्ध्या शतकाचं आहे. त्याचं श्रेय सहसा हौशी माणसाच्या चिकाटीला दिलं जातं आणि गंजाचा दोष हिवाळ्यात रस्त्यांवर पसरल्या जाणाऱ्या मिठाला. मला ही मांडणी अपुरी वाटते. या कामाचं कूळ शोधत मागे गेलं की आपण कारखान्यातल्या एका निर्णयापाशी पोचतो. पातळ पत्र्याचे तुकडे एकमेकांवर ठेवून ठिपक्याठिपक्याने वेल्ड करायचे आणि त्यांनाच गाडीचा सांगाडा मानायचं, असा तो निर्णय. या सांध्यांमुळे मोटार हलकी आणि स्वस्त झाली, आणि ती कुजलीही याच सांध्यांमधून. घरी दुरुस्ती करणारा माणूस काय करतो, हे नीट पाहिलं तर कारखान्याने घातलेले सांधे तो उलट्या क्रमाने उघडतो आणि पुन्हा घालतो.

आधीची मोटार वेगळीच होती. खाली जाड पोलादी चॅसी, तिच्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर ठोकलेला पत्रा, ही घोडागाडीच्या कारागिरांकडून आलेली रीत. अशी गाडीही गंजत होतीच, पण मडगार्ड सडलं तर बोल्ट काढून ते उतरवता येई आणि चॅसीचं पोलाद इतकं जाड की ते पोखरायला गंजाला अनेक वर्षं लागत. लाकूडच आधी कुजे, आणि ते काम सुताराचं. हे बदलायला सुरुवात झाली फिलाडेल्फियात. एडवर्ड बड यांनी 1912 मध्ये आपली कंपनी काढली आणि पुढच्या दोनच वर्षांत डॉज बंधूंच्या नव्या मोटारीसाठी संपूर्ण पोलादी बॉडी पुरवायला सुरुवात केली. इटलीत 1922 मध्ये लान्चा लाम्ब्दा आली, तिला स्वतंत्र चॅसीच नव्हती. 1934 च्या सिट्रोएन ट्रॅक्सिओं आव्हांने, बडच्या तंत्राची मदत घेऊन, हीच कल्पना मोठ्या उत्पादनात आणली. ब्रिटनमध्ये मॉरिस आणि बड यांच्या भागीदारीतून 1926 मध्ये ऑक्सफर्डजवळ काउली इथे प्रेस्ड स्टील कंपनी निघाली होती. तिच्याच साच्यांतून पुढे 1962 मध्ये एमजीबी या स्पोर्ट्स कारची बॉडी निघू लागली. या गाडीलाही स्वतंत्र चॅसी नव्हती. 1980 पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, आणि घरच्या पत्रेकामाचा अभ्यास करायचा तर याच गाडीपासून सुरुवात करावी, कारण या कामाचे सगळे धडे तिच्या दाराखाली सापडतात.

दाराखालचा तो लांबट पोकळ भाग म्हणजे सिल. बाहेरून तो एक साधा पत्रा दिसतो, पण एमजीबीत तो बाहेरची सिल, मधला उभा पडदा, आतली सिल आणि खालची कंगोरेदार पट्टी असा एकमेकांवर बसवलेल्या पत्र्यांचा संच आहे. टपावर पत्रा नसलेल्या या गाडीचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं बरंचसं काम या दोन पेट्या करतात. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साचतो, ओला राहतो आणि पाणी तिथून सिलच्या तोंडात उतरतं. पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोकं तुंबली की पेटीत ते कित्येक दिवस मुरतं. पत्र्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे कारखान्यातला रंग कधी पोचलाच नाही, कारण आधी वेल्डिंग आणि मग रंग, असाच क्रम होता.

पत्र्याच्या मोकळ्या पाठीपेक्षा अशा फटीतच गंज का धरतो, याचं उत्तर केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात दिलं होतं. स्वच्छ लोखंडावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. सहज विचार करणाऱ्याला वाटेल की जिथे ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त. घडतं उलट. लोखंड मध्यभागी विरघळतं, कडेचा भाग शाबूत राहतो आणि दोहोंच्या मध्ये तांबूस गंजाचं कडं तयार होतं. ऑक्सिजनच्या फरकामुळे त्या एका थेंबात छोटा विद्युतघट तयार होतो आणि ज्या जागी ऑक्सिजन कमी ती जागा खर्ची पडते. एकमेकांवर दाबलेल्या दोन पत्र्यांमधली फट म्हणजे या थेंबाचा मधला भाग. मोटारीच्या सांध्याने पाणी धरलं की लोखंड तिथे आतून विरघळू लागतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्याने फुगून दोन्ही पत्र्यांना अलग करतो. फट रुंदावते, पाणी आणखी आत जातं. रंगावर फोड दिसेपर्यंत आतलं काम जवळपास उरकलेलं असतं.

मग मिठाचं काय, असा आक्षेप येणार आणि तो रास्त आहे. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर सरसकट मीठ टाकण्याचं धोरण अमेरिकेत 1941-42 च्या हिवाळ्यात न्यू हॅम्पशायर राज्याने आधी स्वीकारलं. महायुद्धानंतर ते पसरत गेलं आणि ब्रिटनच्या रस्त्यांवरही चेशरच्या खाणीतलं मीठ पडू लागलं. मीठ पाण्याची वीजवाहकता वाढवतं, म्हणजे इव्हान्स यांचा घट जोरात चालतो. पण मीठ गंजाची गती वाढवतं, जागा ठरवत नाही. पोर्शने 1976 च्या मॉडेलपासून आपल्या 911 ची बॉडी जस्ताचा लेप दिलेल्या पत्र्याची केली, ऑडीने 1985 पासून 100 या गाडीत तेच केलं. रस्ते तेच, मीठ तेच, तरी दाराखालची पेटी कुजण्याचं दुखणं या गाड्यांमध्ये पुष्कळ कमी झालं. उलट मुंबईच्या रस्त्यांवर कोणी मीठ टाकत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनीही बिनचॅसीचीच गाडी. पावसाळ्यात आणि समुद्राच्या हवेत तिचे फ्लोअर आणि दाराखालच्या पेट्या त्याच पद्धतीने सडत. हवामान वेगळं, देश वेगळा, पण सांधा तोच आणि रोगाची जागाही तीच.

मुंबईचं नाव काढल्यावर पुढचा प्रश्न टाळता येत नाही. सांधाच जर मूळ असेल, तर घरी पत्रेकाम करण्याची रीत मुंबईत का रुजली नाही? कारण सांधा फक्त कामाचं स्वरूप ठरवतो, ते कोण करणार हे मजुरी ठरवते. मुंबईत पद्मिनी डेंटरकडे जाई. तो फुटपाथच्या कडेला गॅस वेल्डिंगने पॅच मारे, आणि ते मालकाला परवडे. ब्रिटनमध्ये सिलच्या कामाला कारागिराचे इतके तास लागत की बिल गाडीच्या किमतीपुढे जाई. अशी गाडी एक तर भंगारात जायची, नाहीतर मालकाच्या हाती. तिथला हौशी माणूस हा त्या हिशेबातून जन्मला, म्हणून त्याची हौस खोटी ठरत नाही. पण हौस आधी आणि गरज नंतर असा क्रम लावला तर कूळ चुकतं.

मालकाच्या हाती आलेली पहिली साधनं सांध्यापर्यंत पोचणारी नव्हती. बॉडीवरचे खड्डे भरायला कारखान्यात आणि गॅरेजमध्ये शिसं वापरत, साधारण 70 टक्के शिसं आणि 30 टक्के कथील. पत्रा घासून त्यावर भांड्याला करतात तशी कल्हई करायची, मग मऊ झालेलं मिश्रण चरबी लावलेल्या लाकडी थापीने सारवायचं. हे हाताच्या सवयीचं काम होतं आणि शिशाची धूळ विषारी. 1950 च्या दशकात पॉलिएस्टर राळ आणि शंखजिऱ्याची पूड यांची पुट्टी आली. हार्डनर मिसळा, लावा, अर्ध्या तासात पॉलिश पेपरने घासा. ज्याला आयुष्यात कधी पत्रा ठोकता आला नव्हता त्यालाही आता मडगार्ड गुळगुळीत करता येऊ लागलं. ही पुट्टी घरच्या दुरुस्तीची जननी आहे असं पुष्कळ जण मानतात. मला ती सावत्र आई वाटते. ती पाणी शोषते, तिच्यात ताकद नाही, आणि भोकावर जाळी ठेवून तिने झाकलेला गंज मागच्या बाजूने चालूच राहतो. रसायनांचंही असंच आहे. फॉस्फोरिक आम्लाने लोखंडावर फॉस्फेटचा थर बसवण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या टॉमस कॉस्लेट यांनी 1906 मध्ये घेतलं, आणि आज बाटलीत मिळणाऱ्या अनेक गंजरोधकांचा वंश तिथे पोचतो. उघड्या पत्र्यावरच्या वरवरच्या गंजाला ते खरोखर उपयोगी आहे. पण ब्रश जिथे पोचतो तिथवरच त्याची सत्ता. फटीच्या आत ते उतरत नाही, आणि पत्राच उरलेला नसेल तर रूपांतर कशाचं करणार?

सांधा उघडायला मालकाला भाग पाडलं ते कायद्याने. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या काळात 1960 मध्ये ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. सुरुवातीला ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग यांपुरती. 1967 मध्ये मर्यादा तीन वर्षांवर आली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष मात्र 1977, कारण त्या वर्षी चॅसी आणि बॉडीच्या सांगाड्याची स्थिती तपासणीत आली. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट जिथे बसवले आहेत त्यांच्या 30 सेंटिमीटरच्या आतला पत्रा मजबूत हवा आणि तिथली दुरुस्ती वेल्डिंगचीच हवी, पुट्टी चालणार नाही, अशी ही व्यवस्था झाली. गंज तोवर दिसण्याचा प्रश्न होता, आता तो गाडी रस्त्यावर येऊ शकते की नाही याचा प्रश्न झाला. पळवाटा निघाल्याच. सडलेल्या सिलवर दुसरी नवी सिल चढवून कडेने वेल्ड करायची, ही त्यांतली सर्वात प्रचलित. वरून सारं ठणठणीत, आत जुना गंज आणि त्याला मिळालेली आणखी एक बंद फट. अशा गाड्यांनी पुढच्या मालकांना फसवलं आहे आणि या प्रकाराला दुरुस्ती म्हणणं मला मान्य नाही.

खरी दुरुस्ती घरी शक्य झाली ती एका यंत्रामुळे. कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून होतं, आणि बंद पेटीला दुसरी बाजू नसते. गॅसच्या ज्योतीने पातळ पत्रा वाकडातिकडा होतो. साध्या वेल्डिंग रॉडने भोक पडतं. ज्याला आपल्याकडे सीओटू वेल्डिंग म्हणतात ते मिग वेल्डिंग अमेरिकेत बॅटेल संस्थेत 1948 मध्ये विकसित झालं. पातळ पत्र्यावर चालेल अशी त्याची कमी उष्णतेची रीत 1950 च्या दशकाच्या शेवटी आली, आणि घरच्या प्लगवर चालणारी छोटी यंत्रं 1980 च्या आसपास सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. या यंत्राने एकाच बाजूने सांधा घालता येतो. पद्धत पाहण्यासारखी आहे. जुन्या पत्र्यावरचा रंग घासला की कारखान्याच्या वेल्डिंगचे गोल ठिपके दिसतात. ते एकेक करून ड्रिलने कोरून काढायचे, म्हणजे वरचा पत्रा सुटतो आणि खालचा शाबूत राहतो. नव्या पत्र्याला तितक्याच अंतरावर सहा मिलिमीटरची भोकं पाडायची, जस्तयुक्त प्रायमर मारायचा, पत्रा जागेवर घट्ट धरायचा आणि त्या भोकांतून खालच्या पत्र्यापर्यंत वेल्ड भरायचं. ठिपक्याच्या जागी ठिपका. एमजीबीत सिल मडगार्डच्या मागेपुढे आत घुसलेली असल्याने मडगार्डचा खालचा पट्टाही कापावा लागतो. आणि दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर गाडी मध्येच वाकते, म्हणून दाराच्या चौकटीत आधी लोखंडी आडवी दांडी टाके मारून बसवतात आणि दाराची फट पुनःपुन्हा मोजतात.

यावर कोणी म्हणेल की या साऱ्याला पुस्तकांनी आणि मासिकांनी जन्म दिला. जॉन हेन्स यांचं दुरुस्तीचं पहिलं मॅन्युअल 1966 मध्ये निघालं हे खरं, पण त्या मॅन्युअलांचा गाभा इंजिन आणि गिअरबॉक्स होता. 'प्रॅक्टिकल क्लासिक्स' मासिक 1980 मध्ये सुरू झालं, म्हणजे सांगाड्याची तपासणी लागू झाल्यानंतर आणि एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना बंद पडला त्याच वर्षी. छपाईने ही विद्या पसरवली, तिचा मोठा उपकार आहे, पण ती गरजेच्या मागोमाग आली.

अधिक गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. ज्या सांध्यावर माणसाचा जीव आहे तो घरच्या माणसाने का घालावा? वेल्ड वरून सुबक दिसूनही खालच्या पत्र्यात मुरलेलं नसतं, असं घडतं. याला उत्तर एकच: आधी टाकाऊ तुकड्यांवर तेच वेल्ड करून, ते छिन्नीने सोडवून पाहायचं. पत्रा फाटला आणि वेल्ड टिकलं तरच गाडीला हात लावायचा. हा नियम आता आणखी महत्त्वाचा आहे, कारण मे 2018 पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. एकूण एक एमजीबी आज त्या वयात आहे. ज्या तपासणीने हे कौशल्य घडवलं तीच बाजूला झाली. जबाबदारी मालकाच्या अंगावर आली, आणि सूट असली तरी गाडी स्वखुशीने तपासून घ्यावी असं मला ठामपणे वाटतं.

1988 मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्या साच्यांवर एमजीबीची संपूर्ण बॉडी पुन्हा घडवायला घेतली, म्हणजे ज्यांना एकेक सांधा उघडायचा नाही त्यांना सगळेच सांधे नवे मिळू लागले. तरी सिलचे सुटे पत्रे आजही विकले जातात, आणि ते बसवून झाल्यावर घरचा माणूस एक काम जास्तीचं करतो. पेटीत लांब नळी घालून तो पातळ केलेलं मेण फवारतो, ते फटीफटीत ओघळतं, आणि पाणी जाण्याची भोकं तो मोकळी ठेवतो. 1962 च्या त्या गाडीला कारखान्यातून निघताना हे मिळालं नव्हतं.